डीपी बदलू नका, ग्रुप बदला

"नोकरी पाहिजे ना? मग आधी डीपीवरचे बाबासाहेब काढ."

हे वाक्य आम्ही गेल्या काही वर्षांत इतक्या तोंडून ऐकलं आहे की ते मूळ कुणाचं हे आता सांगता येणार नाही. मार्गदर्शन शिबिरात टाय बांधून आलेले वक्ते ते सभ्य भाषेत सांगतात, 'प्रोफाईल न्यूट्रल ठेवा, हल्ली एचआरवाले सोशल मीडिया बघतात.' कन्सल्टन्सीवाला ते फोनवर सांगतो. आणि सगळ्यात जास्त काळजीने ते आपलेच काका-मामा सांगतात, जे स्वतः आरक्षणातून लागले आणि ऑफिसात तीस वर्षं आडनाव पुटपुटत राहिले.

दातिवरे, कोरे, एडवण या किनारपट्टीतून रोज सकाळी पोरं कामाच्या शोधात निघतात. गावातून सफाळे स्टेशनपर्यंत एसटी नाहीतर रिक्षा, मग गाडीने केळवे रोड, पालघर, उमरोळी मागे टाकत बोईसर, आणि तिथून तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या गेटपर्यंत पुन्हा शेअर रिक्षा. कुणी आयटीआय फिटर, कुणी बीएस्सी केमिस्ट्री, कुणी बारावीला अडकलेला. मोबाईल मात्र सगळ्यांच्या हातात आहे. नोकरी शोधताना या मोबाईलचा उपयोग कसा करायचा, हा आजचा विषय. त्याची सुरुवात डीपी काढण्यापासून करायची, हे आम्हाला मुळातच मान्य नाही.

आधी 'न्यूट्रल' हा शब्द तपासू. ज्याच्या प्रोफाईलवर गणपती आहे, ज्याचा वाढदिवसाचा फोटो देवळाच्या पायरीवर काढलेला आहे, ज्याने नावापुढे कुळाचा अभिमान लिहिला आहे, त्याला कुणी 'न्यूट्रल हो' म्हणून सांगितल्याचं आमच्या ऐकिवात नाही. त्याचं ते संस्कृतीत जमा होतं, आपलं मात्र राजकारणात. ज्या माणसाने या देशाच्या राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद सांभाळलं त्याचा फोटो 'वादग्रस्त', आणि बाकी सगळं 'न्यूट्रल'! हा सल्ला नोकरीचा नाही. वाकून चालायचा आहे.

आता कुणी म्हणेल, तुम्हाला बोलायला काय जातं, पोराचं पोट आहे. बरोबर आहे. भीती खोटी नाही. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून एका तरुण पोराचा जीव घेतला गेला. मोबाईलवरची ओळख ही आपल्यासाठी कधीच किरकोळ गोष्ट नव्हती. नोकरीच्या बाजारातही नाही. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण तेच, पात्रता तीच, बदललं फक्त नाव. काही अर्जांवर सवर्ण हिंदू नाव, काहींवर दलित, काहींवर मुस्लिम. पुढच्या टप्प्यासाठी बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला साधारण दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश.

हा अभ्यास आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतो आणि भाषणात तो वापरलाही जातो. पण त्यातली एक गोष्ट नजरेतून सुटते. त्या अर्जांवर डीपी नव्हता. जयंतीचा फोटो नव्हता, 'जय भीम' लिहिलेलं नव्हतं. होतं ते फक्त नाव. मग डीपी काढून तुम्ही काय लपवणार? आडनाव तिथेच राहतं. पत्त्यातलं वाडीचं नाव तिथेच राहतं. इंटरव्ह्यूत 'वडील काय करतात?' हा प्रश्न येतोच. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी त्याच सुमारास दिल्ली परिसरातल्या कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिलं की 'फॅमिली बॅकग्राऊंड' हा भरतीतला आवडता निकष आहे, आणि तो लावणारे स्वतःला जातपात न मानणारे समजतात. फिटरच्या कामाशी वडिलांच्या धंद्याचा काय संबंध, हे आम्हाला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

लपणं कुठवर पुरतं, तेही बघा. २०२० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सरकारी विभागाने सिस्को कंपनीविरुद्ध जातिभेदाचा दावा दाखल केला. दाव्यातला आरोप असा होता की दलित इंजिनिअर आयआयटीत आरक्षणातून आला होता, ही गोष्ट त्याच्याच वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितली. दोघं एकाच आयआयटीचे. वरिष्ठांवरचे वैयक्तिक आरोप पुढे मागे घेतले गेले, तो कायद्याचा भाग वेगळा. आम्ही इथे एवढंच म्हणतो की सात समुद्रापलीकडे जात पोचली ती फेसबुकच्या फोटोतून नाही, ओळखीतून पोचली. ज्याला शोधायची आहे तो शोधतोच. डीपी काढल्याने फक्त एकच माणूस तुम्हाला ओळखू शकत नाही, आणि तो म्हणजे दुसऱ्या कंपनीत बसलेला आपलाच माणूस, जो तुम्हाला मदत करू शकला असता.

आता मुद्द्याचं. बोईसरला नोकरी लागते कशी?

कंपनीतला एक ऑपरेटर काम सोडून जातो. प्रॉडक्शन मॅनेजर शिफ्ट इनचार्जला विचारतो, "कुणी पोरगा आहे का बघण्यात?" शिफ्ट इनचार्ज जेवणाच्या सुट्टीत साडूला फोन लावतो. संध्याकाळपर्यंत एक नाव एचआरकडे जातं. दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यू, तिसऱ्या दिवशी गेटपास. ही जागा कुठेही छापून येत नाही. नोकरीच्या ॲपवर ती येते ती बहुतेक वेळा ओळखीत कुणी सापडलं नाही म्हणून, नाहीतर ते काम ओळखीच्या माणसाला सांगण्यासारखं नाही म्हणून. आपली पोरं नेमकी तिथे, ॲपवर, रात्री बारा वाजता 'अप्लाय, अप्लाय, अप्लाय' दाबत बसलेली असतात. शंभर ठिकाणी अर्ज केला, एक फोन आला नाही, असं सांगतात आणि स्वतःलाच दोष देतात. दोष त्यांचा नाही. जागा भरल्यावर दार वाजवण्याचा तो प्रकार आहे.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा एक निबंध एम.ए.ला अभ्यासाला असतो. बोस्टनजवळच्या एका उपनगरातल्या लोकांना त्याने विचारलं, तुम्हाला नोकरीची बातमी कुणाकडून कळली? ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी जेमतेम सहात एकाने नेहमी भेटणाऱ्या माणसाचं नाव सांगितलं. बाकीच्यांना ती बातमी अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. कारण साधं आहे. जवळच्या माणसाला तेच माहीत असतं जे तुम्हाला माहीत आहे. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी लोकांवर झालेल्या प्रयोगातही थोडंफार हेच निघालं, फार जवळच्या नाहीत आणि अगदीच अनोळखी नाहीत अशा मधल्या ओळखी सर्वांत कामाला आल्या. आम्ही ग्रॅनोव्हेटर वाचला तेव्हा डोळ्यासमोर बोस्टन नव्हतं, बोईसर होतं.

आपल्या वाडीत सगळे सगळ्यांना ओळखतात. सुखदुःखाला धावून जातात, हे आपलं बळ आहे आणि त्याची टिंगल करणाऱ्यांतले आम्ही नाही. पण भाऊ, मेहुणा, चुलता आणि मित्र या चौघांच्या मोबाईलमध्ये तेच शंभर-सव्वाशे नंबर असतील, तर चौघांना मिळून एकच बातमी माहीत असणार. आणि बहुतेक वेळा ती बातमी ठेकेदाराकडच्या हेल्परच्या कामाची असते. उलट ज्यांच्या घरात तीन पिढ्या शिक्षण आहे त्यांची लांबची ओळखसुद्धा मॅनेजरच्या खुर्चीत बसलेली असते. २०१० च्या आकड्यांवरून देशातल्या १,००० मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास झाला, त्यात ९३ टक्के संचालक पुढारलेल्या जातींचे निघाले, अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के. संचालक काही बोईसरच्या ऑपरेटरची भरती करत नाही, हे आम्हालाही कळतं. पण खुर्च्यांची उतरंड वरून खाली येते आणि तिच्याबरोबर फोन नंबरही खाली येतात. त्यांच्या ओळखीला नेटवर्क म्हणतात. आपल्या आरक्षणाला कुबडी.

म्हणून 'चांगलं प्रोफाईल बनवा, नेटवर्किंग करा, यश तुमचंच' हा जो सल्ला लिंक्डइनवर रोज वाटला जातो, तो अर्धाच खरा आहे. प्रोफाईल बनवता येतं. नेटवर्क वारसाहक्काने येतं, आणि ज्याला वारसा नाही त्याला ते सगळ्यांनी मिळून उभं करावं लागतं. एकट्यादुकट्याचं ते काम नाही.

आणि इथे आम्हाला आपल्याच लोकांशी भांडायचं आहे.

चळवळीतला कुठलाही एक व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. 'नमो बुद्धाय, शुभ सकाळ'. कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर, बॅनरवर सतरा फोटो. मग एका गटाच्या नेत्याने दुसऱ्या गटाच्या नेत्याला विकलेला ठरवणारा व्हिडिओ. त्यावर चाळीस प्रतिक्रिया. मग ॲडमिनचं 'कृपया ग्रुपची शिस्त पाळा'. मग एक मुलगा सोडून गेला. दुपारी कुणीतरी भरतीची एक लिंक टाकतो, ती कधीची आहे, खरी आहे की खोटी, कुणी बघितलेलं नाही, आणि ती पाच मिनिटांत पुढच्या बॅनरखाली गाडली जाते. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' सुरू झाला तेव्हा 'केसरी'ने त्याची पैसे देऊनही जाहिरात छापली नव्हती. आज एका पैशाचा कागद न लागता आपण पाचशे घरांत पोचू शकतो, आणि पोचवतो काय? सतरा फोटोंचा बॅनर.

या ग्रुपमध्ये आणखी एक माणूस असतो, जो कधीच काही बोलत नाही. तो बँकेत आहे, किंवा रेल्वेत, किंवा तारापूरच्या एखाद्या औषध कंपनीत क्यूसीला सीनियर केमिस्ट. जयंतीला पाचशे एक रुपये वर्गणी देतो, यादीत नाव येतं, झालं. त्याच्या विभागात गेल्या वर्षभरात तीन-चार जागा तरी निघाल्या असतील, त्याने एकही ग्रुपवर टाकलेली नसते. १८ मार्च १९५६ ला आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती आपण दरवर्षी स्टेटसला ठेवतो. ठेवणाऱ्यांत हा माणूसही असतो.

त्याची अडचण आम्हाला माहीत आहे. कंपनीत त्याने जात सांगितलेली नाही. आपल्या पोराची शिफारस केली तर आपणही उघडे पडू, पोरगा नीट निघाला नाही तर नाव खराब होईल. पण आम्ही शिफारस मागतच नाही. बातमी मागतो. जागा निघते आहे, अमुक यंत्र येणारा पाहिजे, अर्ज अमुक माणसाकडे द्यायचा, इंटरव्ह्यूत हे विचारतात. ॲडमिनला खासगीत पाठवा, तुमचं नाव कुठेही येणार नाही. महिन्यातून एक बातमी. पाचशे एक रुपयांपेक्षा ती जास्त किमतीची आहे आणि तिला पावतीही लागत नाही.

हे स्वप्नरंजन नाही. वर्ध्याची नालंदा अकादमी काय करते, राजू केंद्रे यांचं एकलव्य काय करतं? आधी पोचलेला विद्यार्थी मागच्याला फॉर्म कसा भरायचा, मुलाखतीत काय विचारतात, शिष्यवृत्ती कुठे आहे हे सांगतो, आणि हे बरंचसं मोबाईलवरून चालतं. घरात पहिल्यांदाच कॉलेजला गेलेली पोरं त्यातून मोठमोठ्या विद्यापीठांत पोचली. प्रवेशाच्या बाबतीत जे जमलं ते नोकरीच्या बाबतीत, एका तालुक्यापुरतं, का जमू नये?

एक आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे. मग आपणही जातीचाच ग्रुप केला की! तर नाही करायचा. पालघर जिल्ह्यात राहून फक्त बौद्धवाडीपुरता विचार करणं आम्हाला लाजिरवाणं वाटतं. ज्या वारली, कातकरी पाड्यांवर ठेकेदाराची गाडी थेट माणसं भरायला येते, तिथल्या पोराला त्याच कंपनीत आयटीआयवर जागा आहे हे कोण सांगणार? मच्छीमाराच्या मुलाला, मुस्लिम मोहल्ल्यातल्या मुलीला? ग्रॅनोव्हेटरचं गणितही तेच सांगतं, एकाच वस्तीचा ग्रुप म्हणजे पुन्हा तेच सव्वाशे नंबर. ग्रुप नोकरीचा असावा आणि त्यात वस्त्या अनेक असाव्यात. त्या ग्रुपवर शुभ सकाळ नको, बॅनर नको, नेता नको. आणि ज्यांच्याकडे नेटपॅक नाही त्यांच्यासाठी तीच बातमी कागदावर लिहून विहाराच्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायची. फळा हाही सोशल मीडियाच आहे, जुना.

बातमी टाकताना ती अर्धवट टाकू नका. 'बोईसरला अर्जंट हेल्पर पाहिजे, चांगला पगार, संपर्क करा' ही बातमी नाही, जाळं आहे. कंपनी कोणती? माणूस कंपनीच्या हजेरीवर की ठेकेदाराच्या? पगार हातात किती, पीएफ आणि ईएसआयसी कापतात का? पाळी आठ तासांची की बाराची? आणि येणं-जाणं कसं? शेवटचा प्रश्न दातिवऱ्यासारख्या टोकाच्या गावाला सगळ्यात महाग पडतो. दुसरी पाळी सुटल्यावर बोईसरहून सफाळ्यापर्यंत गाडी मिळेलही, पण सफाळ्याहून पुढे गावापर्यंत रात्री काय मिळणार? कंपनीची बस कुठपर्यंत येते हे आधी कळलं असतं तर कित्येक मुलींच्या नोकऱ्या पहिल्या महिन्यात सुटल्या नसत्या. मग लोक म्हणायला मोकळे, 'यांच्या मुली टिकत नाहीत.'

मुलींचा विषय निघालाच आहे तर, मुलीचा नंबर ग्रुपवर उघडा टाकू नका. दोन दिवसांत तिला 'हाय' येऊ लागतात, चौथ्या दिवशी घरचे मोबाईल काढून घेतात आणि तिची नोकरी तिथेच संपते. मुलींचे अर्ज एखाद्या ताईकडे जमा व्हावेत आणि तिनेच पुढे पाठवावेत. तसंच आधार कार्ड, जातीचा दाखला, बँक पासबुक यांचे फोटो ग्रुपवर टाकण्याची जी सवय लागली आहे ती आजच बंद करा. कंपनीला निवड झाल्यावर कागद लागतात, आधी नाही. नोकरीसाठी 'रजिस्ट्रेशन फी' मागणारा, टेलिग्रामवर घरबसल्या 'टास्क' देणारा, परदेशातल्या डेटा एंट्रीच्या पगाराने भुलवणारा, हे तिन्ही चोर. अशाच सोशल मीडियावरच्या जाहिरातींना भुलून थायलंडला निघालेली आपल्या देशातली मुलं म्यानमारमध्ये अडकवली गेली आणि २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, १९३० या नंबरवर लगेच फोन लावा. उद्या वाढवण बंदराच्या नावाने भरतीचे फॉर्म आले, तर आधी विचारा हा फॉर्म काढला कुणी. बंदराबद्दल आमचं मत काय आहे ते वेगळं, पण लाखो रोजगारांची घोषणा झाली की तिच्यामागून खोटे फॉर्म येणारच.

आता प्रोफाईल. लिंक्डइन फक्त इंजिनिअरांचं आहे असं समजू नका, तारापूरच्या कंपन्यांचे एचआर तिथे आहेत. पण आपली पोरं तिथे जाऊन 'हाय सर, एनी जॉब?' एवढंच लिहितात. त्याला उत्तर येत नाही, येणारही नाही. त्याऐवजी लिहा, 'नमस्कार सर, मी बीएस्सी केमिस्ट्री केलं आहे, कॉलेजात एचपीएलसीची ओळख झाली आहे. क्यूसीला नवीन माणूस घेताना तुम्ही काय बघता, हे सांगू शकाल का?' नोकरी मागितली की माणूस पळतो. माहिती विचारली की बोलतो. हा मनुष्यस्वभाव आहे, त्याचा फायदा घ्या. 'मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर' ही विशेषणं खोडून टाका, सगळेच ती लिहितात. कोणतं यंत्र चालवलं, कोणत्या ट्रेडचा आयटीआय, किती महिने, ते लिहा.

आणि 'अनुभव नाही' असं लिहू नका. ज्या मुलाने १४ एप्रिलच्या जयंतीला दीडशे घरांतून वर्गणी गोळा केली, पोलीस ठाण्यातून परवानगी आणली, मंडपवाल्याशी घासाघीस केली, जेवणावळ उठवली आणि शेवटी विहारात सगळ्यांसमोर पै-पैचा हिशोब वाचला, त्याला अनुभव नाही? मॅनेजमेंटच्या कॉलेजात यालाच इव्हेंट, फायनान्स आणि स्टेकहोल्डर म्हणतात. स्वच्छ शब्दांत लिहा: डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती उत्सव समिती, खजिनदार, दोन वर्षं. कुणी गणेशोत्सव मंडळाचा कार्याध्यक्ष म्हणून लिहितोच ना? आमचा डीपीबद्दलचा आग्रह इथे येऊन मिळतो. बाबासाहेब लपवले तर आपला सगळ्यात मोठा अनुभवही त्यांच्याबरोबर लपतो.

फक्त एक भेद करा. ओळख दाखवणं वेगळं आणि शिवी देणं वेगळं. आरक्षणावर मुद्देसूद चार परिच्छेद लिहिणारा मुलगा कुठल्याही कंपनीला लिहिता येणारा माणूस म्हणून दिसतो, नसेल दिसत तर ती कंपनी त्याला पुढेही सुखाने राहू देणार नव्हती. पण रात्री अकराला भडकून कुणाच्या आई-बहिणीवर लिहिलेली कमेंट हा विचार नाही, आणि ती स्क्रीनशॉट होऊन राहते. गुन्हा दाखल झाला तर पोलीस भरतीपासून रेल्वेपर्यंत प्रत्येक चारित्र्य पडताळणीत तो समोर येतो. पोस्ट लिहिणारा नेता मोकळा असतो, शेअर करणारा पोरगा ठाण्यात. असे नेते आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांची स्वतःची पोरं कुठे शिकतात तेही.

इथपर्यंत आपण नोकरी मागण्याबद्दल बोललो. पण सोशल मीडियाचा याहून मोठा उपयोग विचारण्याचा आहे. जाब विचारण्याचा.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. सरकारी रोजगार विनिमय केंद्रांची व्यवस्था त्याच खात्याखाली, त्याच काळात उभी राहिली. त्यामागची कल्पना अशी की रिकाम्या जागेची बातमी साडूच्या फोनवर न फिरता सरकारी टेबलावर, सगळ्यांसमोर यावी. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा कळवणं बंधनकारक केलं. त्यातल्या माणसालाच घ्या अशी सक्ती नव्हती आणि त्यामुळे कायदा कागदावर राहिला, पुढे तो सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. आज राज्याचं 'महास्वयम' पोर्टल आहे, केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस आहे. तिथे नाव नोंदवा, फुकट आहे. त्याने उद्या नोकरी लागेल असं आम्ही म्हणणार नाही. पण नोंदच नसेल तर 'स्थानिक उमेदवार मिळत नाहीत' हे कंपन्यांचं रडगाणं खोडायचं कशाच्या आधारावर?

याहून धारदार हत्यार शिकाऊ उमेदवारी कायद्यात पडून आहे. १९६१ चा हा कायदा आणि त्याखालचे नियम सांगतात की ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, आणि ही संख्या धरताना ठेक्यावरचे कामगारही मोजायचे. त्याच कायद्याच्या कलम ३-अ मध्ये निर्धारित ट्रेडमधल्या प्रशिक्षणाच्या जागांत अनुसूचित जाती आणि जमातींसाठी राखीव जागांची तरतूद आहे. नीट वाचा, खासगी कंपनीतसुद्धा. खासगी क्षेत्रात आरक्षण पाहिजे म्हणून आपण मोर्चे काढतो, काढलेच पाहिजेत, पण जे आधीच कायद्यात लिहिलेलं आहे ते तारापूरच्या किती गेटांच्या आत पोचलं, हे आपल्यातल्या कुणी विचारलं आहे का?

कंपनीला माहिती अधिकार लागू नाही. पण शिकाऊ उमेदवारीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला आहे. दहा रुपयांचा अर्ज. त्यात चारच गोष्टी विचारायच्या. तारापूर औद्योगिक क्षेत्रातल्या किती आस्थापना या कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. गेल्या तीन वर्षांत प्रत्येकीने वर्षनिहाय किती शिकाऊ उमेदवार घेतले. त्यात अनुसूचित जातीचे आणि जमातीचे किती, ट्रेडनिहाय. आणि न घेणाऱ्या किती आस्थापनांवर काय कारवाई झाली.

उत्तर आलं की त्याचा फोटो काढा आणि फेसबुकवर, लिंक्डइनवर, गावच्या ग्रुपवर, विहाराच्या फळ्यावर टाका. लिंक्डइनवर टाकताना त्या त्या कंपनीला टॅग करा. भाषा सभ्य ठेवा, आकडे जसेच्या तसे ठेवा, खाली आपलं पूर्ण नाव लिहा. पालघर तालुक्यातून हा अर्ज आमच्यासोबत करायला तयार असतील त्यांनी या महिन्यात कळवावं, अर्ज वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या गावांतून गेलेले बरे. दातिवऱ्याहून एक, सफाळ्याहून एक, बोईसरहून दोन तरी हवेत.

जय भीम.